बंदिवासातील ओवी

ज्युबिलीच्या आनंदोत्सवात दुःखाची कथा सांगू जाणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. अशा स्मरणिकेत मंदिराच्या कोनशिलेची हकीकत असावी, उपकारकर्त्यांची नामावळी असावी, आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंच्या तसबिरी असाव्यात, असा रिवाज आहे. आणि तो मोडण्याचा आमचा हेतू नाही. ते काम इतरांनी इतर पानांवर केलेच आहे. परंतु ज्युबिली हा शब्द मूळचा कोठला, ह्याचा क्षणभर विचार केला असता आमच्या विषयाचे अप्रशस्तपण पुष्कळसे नाहीसे होईल. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, शिंग फुंकून ते जाहीर करावे, ज्यास दारिद्र्यामुळे दास व्हावे लागले त्यास मोकळे करावे व ज्याचे शेत गेले त्यास ते परत द्यावे, असा नियम सांगितला आहे. म्हणजे ज्युबिलीचा खरा आनंद कोणास कळावयाचा, तर ज्याने बंदिवास भोगला त्यास. ज्याचे काही गेलेच नाही त्यास परत मिळण्याचे सुख काय ठाऊक?

हा विषय घेण्यास दुसरेही एक कारण आहे. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांतील महामारीने आपल्या वाडीतील घराघरांत जे दुःख ठेवून दिले, ते अद्याप पुरते निवळलेले नाही. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण, १२ एप्रिलचा, आपण घरी दारे लावून पाळिला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसरी लाट येताच ती पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. दरम्यान ९ एप्रिल २०२१ रोजी, पुनरुत्थानाच्या सप्ताहातील शुक्रवारी, आपल्याच वाडीतील एका रुग्णालयास आग लागली व कोविडने आजारी असलेली माणसे दगावली. ते आपल्या धर्माचे होते की नव्हते, ही चौकशी करण्याचे कारण नाही. ते आपले शेजारी होते. त्या दिवसांत पुष्कळांस शेवटच्या घडीस ना कुमसार मिळाला, ना रुग्णाभ्यंग, ना ख्रिस्तप्रसाद. कित्येकांच्या मुलांनाही जवळ जाता आले नाही. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो, कधी मोठ्याने, कधी नुसता डोळ्यांतून: “फादर, जेथे तुम्हाला येता आले नाही, तेथे देव आला होता काय?”

ह्या प्रश्नास तर्काने उत्तर देण्याचा मोह आमच्या वर्गास फार. सेमिनरीत दुःखाचे मूळ काय, देव ते का होऊ देतो, ह्यावर पुष्कळ दिवस खल करण्यात गेले व त्या अभ्यासाचा आम्ही उपमर्द करीत नाही. परंतु तो अभ्यास घेऊन मृताच्या उंबरठ्यावर उभे राहिले म्हणजे जीभ जड होते. म्हणून आज तत्त्वज्ञान बाजूस ठेवून आम्ही इतिहासाकडे वळतो. ज्यांच्यापाशी धर्मगुरू पोहोचू शकले नाहीत अशी माणसे आपल्या आधी पुष्कळ होऊन गेली. त्यांनी काय केले, ते पाहू.

त्याकरिता प्रथम एका ग्रंथाची हकीकत सांगितली पाहिजे. इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात गोव्यास उतरले व पुढील सुमारे चाळीस वर्षे, १६१९ साली देह ठेवीपर्यंत, त्यांनी तेथेच घालविली. त्यातील बहुतेक काळ ते साष्टीत होते. साष्टी तेव्हा शांत नव्हती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे फादर रुडोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार सोबती मारले गेले. त्या गावची देवळे आधी पोर्तुगीजांनी पाडिली होती व मागाहून तेथील गावकऱ्यांस दगाफटक्याने ठार करण्यात आले, ह्याही गोष्टी इतिहासात नमूद आहेत; आम्ही हुतात्म्यांचे स्मरण करितो त्याच श्वासात त्यांचेही स्मरण करणे न्यायाचे होईल. अशा रक्ताळलेल्या भूमीवर स्टीफन्स लोकांची भाषा शिकत बसले. इतकी शिकले की, मराठीची जी थोरवी त्यांनी गायिली ती आजही शाळेतील पोरांच्या तोंडी असते.

त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत: पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतचा जुन्या कराराचा वृत्तांत, दुसऱ्यात प्रभु येशूचे चरित्र. दोहोंच्या मिळून ओव्या अकरा हजारांच्या आसपास भरतात. ग्रंथ का रचिला, ते ग्रंथातच आले आहे. नवख्रिस्ती लोकांपैकी एक ब्राह्मण फादरांस म्हणतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वाचू देत नाही, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही आम्हास द्या. ह्या मागणीचे मोल आमच्या मते अद्याप कोणी पुरते ओळखलेले नाही. त्या मनुष्याने धर्मसिद्धान्ताचे पुस्तक मागितले नाही. संध्याकाळी दिवा लावून चार जणांनी बसावे, एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि ऐकता ऐकता रडावे, असे काही त्याने मागितले. आणि एका परदेशी धर्मगुरूने ते त्याच्याच ओवीत त्यास दिले.

हे पुराण १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. पण ह्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज कोठे उपलब्ध नाही. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून देशी भाषा सोडून सर्वांनी पोर्तुगीज बोलावी असे ठरविले, आणि आपल्या भाषेतील धर्मग्रंथ छापण्याचे मार्ग खुंटले. तरी पुराण मेले नाही. लोकांनी ते हाताने उतरून घेतले. कोणी रोमन लिपीत, कोणी देवनागरीत. उतरून घेणाऱ्यांची नावे बहुतेक ठाऊक नाहीत. गोव्यातून पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे सोळाव्या शतकापासून पुढे दक्षिणेकडे कानडा प्रांतात, मंगळूरच्या बाजूस, जाऊन राहिली होती. शिलंगणाला सोने न्यावे तशी त्यांनी पुराणाची पोथीही संगे नेली. घरात बोलणे कोकणीत, व्यवहार कानडी-तुळूत, आणि पुराण मराठीत, असा त्यांचा क्रम होता. आणि त्यात त्यांस काही विचित्र वाटत नव्हते.

आता मुख्य कथा. म्हैसूरकर व इंग्रज ह्यांच्या दुसऱ्या युद्धात मंगळूर १७८३ साली इंग्रजांच्या हाती गेले व टिपू सुलतानाने दीर्घ वेढा घालून ते परत घेतले. ख्रिस्ती लोकांनी इंग्रजांस साहाय्य केले असा त्याचा ग्रह झाला होता. थोड्या जणांनी तसे केलेही असेल. पण शिक्षा सगळ्यांस झाली, म्हाताऱ्यांस व तान्ह्यांसही. तो दिवस म्हणजे १७८४ सालचा राखेचा बुधवार. त्या दिवशी कानड्यातील ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली असे परंपरा सांगते. माणूस मातीचा आहे व मातीत मिळणार, ह्याची आठवण करून देणारा तो दिवस. घरे, शेते, गुरेढोरे सरकारजमा झाली. सत्तावीस चर्चे पाडण्यात आली, त्यांत मंगळूरची रोझारियो व मिलाग्रेस ही मोठी मंदिरे होती. धर्मगुरूंस मुलखाबाहेर घालविण्यात आले. आणि माणसांचे तांडे घाट चढून श्रीरंगपट्टणाकडे चालू लागले. वाटेवर किती मेले ह्याची मोजदाद कोणी ठेविली नाही. नेलेल्यांच्या संख्येविषयी एकमत नाही; स्वतः टिपूच्या नावावर असलेल्या वृत्तांतात साठ हजार असा आकडा आहे, इतरांचे अंदाज ह्याहून बरेच कमी आहेत. आकडा लहान धरला तरी एक सबंध समाज मुळासकट उपटला गेला, ह्यात शंका नाही.

येथे एक गोष्ट बजावून सांगणे आम्हास आवश्यक वाटते. ही कथा सांगून आजच्या कोणा शेजाऱ्याविषयी मन कलुषित करून घेणारे लोक आहेत; त्यांच्या उपयोगासाठी आम्ही ती लिहीत नाही. ज्या राज्यकर्त्याने ही आज्ञा दिली त्याच्याच राज्यात काही देवस्थानांस इनामे मिळत होती, आणि त्याचे वडील हैदरअली ह्यांचा मंगळूरच्या एका धर्मगुरूंशी, फादर जोआकीम मिरांदा ह्यांच्याशी, स्नेह होता. शिवाय मूडबिद्रीच्या जैन चौट राजाने रदबदली केली म्हणून त्याच्या मुलखातील होस्पेटचे चर्च वाचले. राज्यकर्त्याच्या संशयाला धर्म नसतो, तो सिंहासनाचा असतो. आणि संकटात शेजारधर्म पाळणारा मनुष्य कोणत्या देवळात जातो, हे पाहून प्रभूने त्यास बक्षीस द्यावयाचे ठेविलेले नाही. चांगल्या शमरोन्याचा दृष्टान्त ज्याने ऐकला त्यास हे वेगळे सांगावयास नको.

श्रीरंगपट्टणात ह्या लोकांनी पंधरा वर्षे काढिली. तरुण पुरुषांस फौजेत घालण्यात आले, पुष्कळांस धर्मांतर करावे लागले, घरची माणसे एकमेकांपासून तुटली. पंधरा वर्षे म्हणजे किती, ह्याचा हिशेब करून पाहावा. राखेच्या बुधवारी जे मूल आईच्या कडेवर होते ते सुटकेच्या दिवशी मिसरूड फुटलेला तरुण होते. त्याने आयुष्यात एकही मिस्सा पाहिलेली नसणे शक्य होते. मग त्या तरुणास आपण ख्रिस्ती आहो हे कोणी सांगितले?

मंगळूरच्या ख्रिस्ती समाजाची परंपरा ह्याचे उत्तर देते. १९०७ साली मंगळूरचे विद्वान जोसेफ साल्ढाणा ह्यांनी क्रिस्तपुराण पुन्हा छापविले. त्या काळापर्यंत वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे चालत आले होते की, बंदिवासात धर्मगुरू नसता पुराणाच्या वाचनाने पूर्वजांची श्रद्धा टिकली. धरपकडीच्या गर्दीत ज्यांनी भांड्याकुंड्यांऐवजी पोथीचे गाठोडे उचलले असेल, त्यांच्या विवेकाचे आम्हास राहून राहून नवल वाटते. आणि ज्यांस पोथी नेता आली नसेल त्यांच्या मनात ओव्या होत्या. ओवीचा गुण असा की ती जात्यावर, पाळण्यावर, चालता चालता म्हणता येते. शिपाई गाठोडे हिसकावून घेऊ शकतो, पण पाठ असलेली ओवी कोठून काढणार? छापील ग्रंथ जळतो. विद्वानाचा ग्रंथ विद्वानाबरोबर जातो. ओवी मात्र आजीकडून नातवाकडे जाते आणि मध्ये कोणाचा परवाना लागत नाही.

त्या पुराणात बंदिवानांस काय सापडत असेल, ह्याचाही विचार करावा. पहिल्या भागात इस्राएल लोकांचे मिसर देशातील दास्य होते व तेथून झालेली सुटका होती. ते ऐकताना ऐकणाऱ्यांस ती दूरदेशीची कथा वाटली नसेल. ती कालची व आजची वाटली असेल, आणि मोशे उद्या येईल असेही वाटले असेल. दुसऱ्या भागात प्रभूचे दुःखसहन होते. ज्यांनी आपल्या डोळ्यांदेखत आपली माणसे वाटेवर पडलेली पाहिली, त्यांस कालवारीच्या वाटेवर तीनदा पडणाऱ्याचे वर्णन समजावून देण्यास कोणा प्रवचनकाराची गरज नव्हती. दुःख का आले, ह्याचे उत्तर त्यांस मिळाले की नाही आम्ही सांगू शकत नाही. त्या दुःखात आपल्या आधी कोण उतरला होता, हे मात्र त्यांस दर संध्याकाळी ऐकावयास मिळत होते.

स्तोत्रसंहितेतील एकशे सदतिसावे स्तोत्र वाचकांच्या परिचयाचे आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांनी आपल्या वीणा झाडांवर टांगून ठेविल्या. परक्या भूमीत प्रभूचे गीत कसे गावे, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल खरा आहे व शोकाकुल मनुष्याने तो करावा ह्यात पाप नाही. परंतु कावेरीच्या काठी बसलेल्या आपल्या लोकांनी वीणा टांगली नाही, असे त्यांची परंपरा सांगते. परक्या भूमीत ते गायिले. आमच्या समजुतीप्रमाणे हे धैर्य त्यांस ह्यामुळे लाभले की, गीत त्यांच्या स्वतःच्या बोलीच्या घरातले होते. लॅटिन मिस्सेची घंटा थांबली. ती वाजविणाराच नव्हता. पण आजीची ओवी थांबविण्याचे कारण नव्हते. धर्म जर केवळ वेदीवरच असता, तर १७८४ साली वेदी कोसळताच तो संपता.

ह्यात धर्मगुरूंचे महत्त्व कमी होते असे कोणी समजू नये. उलट त्या लोकांनी पंधरा वर्षे धर्मगुरूची वाट पाहिली. बाप्तिस्मा प्रसंगी कोणीही ख्रिस्ती मनुष्य देऊ शकतो, विवाहही धर्मगुरूच्या अभावी साक्षीदारांपुढे होऊ शकतो. पण ख्रिस्तप्रसाद मात्र त्यांस कोणी देऊ शकत नव्हते आणि ती भूक त्यांनी भूक म्हणूनच जतन केली. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू लढता लढता मारला गेला व बंदिवान मोकळे झाले. मागे राहिलेल्यांस गोळा करण्यास फ्रेंच धर्मगुरू आबे द्युबुआ तेथे गेले. हेच पुढे हिंदु लोकांच्या चालीरीतींवरील ग्रंथाने प्रसिद्धीस आले व म्हैसूर मुलखात देवीची लस टोचण्याचे कामही त्यांनी केले. पुष्कळ जण घाट उतरून मंगळुरास परतले, तेव्हा शेतात परके नांगर होते व चर्चच्या जागी दगडांचे ढीग होते. त्याच ढिगांवर रोझारियो व मिलाग्रेस पुन्हा उभी राहिली.

मंगळूरची कथा इतकी सविस्तर सांगितली, कारण तिच्यात आमचा मुद्दा पुरता येतो. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे मात्र निरनिराळ्या दिशांनी आलेली असल्यामुळे उत्तरेकडील किनाऱ्याकडेही एक दृष्टी टाकिली पाहिजे. १७३९ सालच्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तहाच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर गोऱ्या धर्मगुरूंचे थोर मठही ओसाड पडले. वसईच्या किल्ल्यात आज जी भग्न मंदिरे दिसतात ती पाहून यात्रेकरू हळहळतात, आम्हीही हळहळलो. परंतु किल्ल्याच्या बाहेर, वाड्यापाड्यांवर, त्याच लोकांची लेकरे आजही मिस्सेस जातात. १७६० साली फ्रेंच प्रवासी आंक्तील द्यु पेराँ साष्टी बेटात हिंडला, तेव्हा मराठी अमलाखाली ख्रिस्ती लोक उघडपणे सण साजरे करीत असलेले व देशी धर्मगुरू ते चालवीत असलेले त्यास आढळले. भिंती पडल्या तेथे माणसे उभी राहिली होती.

ह्याच किनाऱ्यावर पुढे प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर आकासियो व्हिएगस ह्यांनी तो प्रथम ओळखला. हे गृहस्थ गोव्याचे व आपल्या धर्माचे. १८९७ सालच्या फेब्रुवारीत साथीचा कायदा झाला. घरझडत्या सुरू झाल्या, रोग्यास घरच्यांपासून तोडून नेण्यात येऊ लागले, आणि नेलेला मनुष्य परत दिसेल ह्याची खात्री राहिली नाही. (तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला, हे तरुण वाचकांस ठाऊक नसेल.) पुण्यास सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करिता करिता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने वारल्या. दुःखितांसाठी प्राण वेचणे ही काही आमच्या एकट्याची मिरास नव्हे, हे ध्यानी यावे म्हणून हा उल्लेख.

त्या वर्षांत वांद्र्याच्या पाखाड्यांत, माझगावच्या माथारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत लोकांनी क्रूस उभारिले. रस्त्याच्या तिठ्यावर, विहिरीपाशी, घराच्या कोपऱ्याशी. पुष्कळ जुन्या क्रूसांवर वर्षे कोरलेली आहेत व ती वाचीत गेले म्हणजे रोगाची वाट डोळ्यांपुढे येते. गर्दीच्या भयाने चर्चमध्ये जाणे कठीण झाले असता पाखाडीची माणसे संध्याकाळी आपल्याच दाराशी उघड्यावर जपमाळ म्हणत. साथ ओसरली, क्रूस राहिले. आजही मे महिन्यात तेथे जपमाळ व लितानी होते आणि शेवटी जमलेल्यांस उकडलेले चणे वाटतात. फुलांची माळ घालणाऱ्यांत शेजारचे हिंदूही असतात. इंग्रजी शिकलेल्या काही मंडळींस ही चण्यांची रीत गावंढळ वाटते, असे आमच्या कानी आले आहे. आम्हास ती फार समंजस वाटते. मरणाच्या भयाने जमलेल्या माणसांनी एकमेकांच्या हातावर खाण्याचे काही ठेवावे, ह्यात पुष्कळ धर्मशास्त्र आहे.

आपल्या मध्यप्रांताची दुःखे निराळ्या जातीची होती. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली तेराव्या लिओ पोपमहाशयांनी स्थापिला, आणि तो दहा वर्षांचा होतो न होतो तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला व त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा. १९०१ च्या खानेसुमारीत प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सांत फ्रांसिस दि सेल्स संघाचे धर्मगुरू तेव्हा येथे काम करीत होते. केडगावच्या पंडिता रमाबाई त्या पंथाने वेगळ्या, तरी त्याही १८९७ साली ह्या प्रांतात येऊन अनाथ मुली व विधवा सोबत घेऊन गेल्या. चांगल्या कामाचे स्मरण करिताना पंथाची भिंत आड येऊ देणे आम्हास पटत नाही. दुष्काळातील मनुष्य ओवी म्हणत नाही; त्यास प्रथम पेज लागते. भुकेल्यास आशा सांगणाऱ्याने भांडे रिकामे घेऊन जाऊ नये.

आता आमच्या कानी येणाऱ्या त्या प्रश्नाकडे वळू. जेथे धर्मगुरू पोहोचले नाहीत तेथे देव आला होता काय? ख्रिस्तसभेचे उत्तर संशयास जागा ठेवीत नाही. मार्च २०२० मध्येच रोमच्या प्रायश्चित्त-न्यायासनाने हुकूम काढून कोविडच्या रुग्णांस, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांस व त्यांच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांस पूर्ण दंडमुक्ती दिली. ज्यांस शेवटचे संस्कार मिळू शकत नाहीत त्यांचीही त्यात आठवण ठेविली होती. देवावरील प्रेमापोटी झालेला पूर्ण पश्चात्ताप, कुमसाराची इच्छा मनात असता, पापांची क्षमा मिळवितो ही शिकवण तर फार जुनी आहे. त्याच महिन्याच्या २७ तारखेस पोप फ्रान्सिस पावसात भिजणाऱ्या निर्मनुष्य चौकात उभे राहिले. तेथे आणलेला सांत मार्चेल्लोचा क्रूस १५२२ च्या साथीत रोमच्या गल्ल्यांतून फिरविलेला होता. खोताच्या वाडीच्या माणसांनी जे केले होते तेच रोमने केले, किंवा रोमने जे केले होते तेच खोताच्या वाडीने. क्रम कोणताही लावा.

पण उत्तर हुकूमनाम्यात असून भागत नाही, ते घरात असावे लागते. श्रीरंगपट्टणचा तरुण ख्रिस्ती राहिला तो त्याच्यापाशी कोणाचा हुकूम पोहोचला म्हणून नव्हे, तर त्याच्या कानापाशी कोणी तरी पुटपुटत होते म्हणून. म्हणून ज्यांचे माणूस त्या खाटेवर एकटे गेले त्यांस आम्ही असे विचारू इच्छितो: लहानपणी त्यास जपमाळ कोणी शिकविली होती? झोपण्यापूर्वीची प्रार्थना कोणाच्या मांडीवर पाठ झाली होती? ती त्या रात्री त्याच्याजवळ होती. दार बंद करणाऱ्यास ती बाहेर ठेविता आली नाही. ज्या मनुष्याने साठ वर्षे दररोज मरणाच्या घडीसाठी मरियामातेस विनविले, त्याची ती हजारो वेळा केलेली विनवणी नेमक्या त्या घडीस व्यर्थ गेली, असे मानावयास आम्हास तरी धजवत नाही.

ज्युबिलीच्या निमित्ताने मंदिरास रंग लागला, घंटेची दुरुस्ती झाली, हे योग्यच झाले. परंतु आम्ही ह्या धर्मग्रामाच्या संसाराकडे पाहतो तेव्हा एका गोष्टीची चिंता वाटते. आता आपली गीते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असतात. पाठ कोणास असत नाहीत. टाळेबंदीत मिस्साही आपण त्याच पडद्यावर पाहिली व त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहो. पण १७८४ सालच्या माणसांस असा पडदा कोणी दिला नव्हता, आणि विजेचे बटण बंद करणे गाठोडे हिसकावण्यापेक्षाही सोपे आहे.

क्रिस्तपुराण देवनागरीत प्राध्यापक शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ साली पुण्यात प्रसिद्ध केले व त्यानंतरही त्याची संपादने झाली आहेत. तेव्हा पोथी मिळत नाही ही सबब राहिलेली नाही. येत्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती झाल्यावर अर्धा तास दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाच्या भागाचे वाचन करण्याचे योजिले आहे. वाचणारे धर्मगुरू नसतील. प्रत्येक विभागातील एक वडील व एक मुलगा किंवा मुलगी आळीपाळीने वाचतील. भाषा जुनी आहे, अडेल. अडले तर थांबून विचारावे. विभागप्रमुखांनी नावे धर्मग्रामाच्या कचेरीत द्यावीत.

आणखी एक विनंती. ज्यांच्या घरी आजी-आजोबांच्या हातच्या प्रार्थनांच्या, गीतांच्या किंवा ओव्यांच्या वह्या असतील, मग त्या कोकणीत असोत, वसईच्या बोलीत असोत की आपल्या वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या मराठीत असोत, त्यांनी त्या कचेरीत आणून दाखवाव्यात. तरुण मंडळ त्यांची नक्कल उतरून घेईल. कागद जीर्ण असला किंवा पाने फाटलेली असली तरी हरकत नाही. मूळ वही आठवड्याच्या आत ज्याची त्यास परत मिळेल.